गिरजाबाईंचा बाप्तिस्मा

गिरजाबाईंना काहीही सांगा, त्या आधी हातातलं काम थांबवायच्या, मान जराशी तिरकी करायच्या आणि विचारायच्या, "हे कुणी सांगितलं?" भांडायला म्हणून नव्हे हो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं, की ही गोष्ट पहिल्यांदा बोललं कोण, आणि त्याला बोलायचा अधिकार कुणी दिला. नळाचं पाणी आज लवकर जाणार म्हणा, मंगळवारी नखं कापू नयेत म्हणा, नाहीतर मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणा, सगळ्याला प्रश्न एकच. घोडपदेवच्या आमच्या चाळीतली पोरं पाठीमागून त्यांना 'कुणी-सांगितलं-बाई' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. हे नाव ठेवायला कुणी सांगितलं, असं त्यांनी त्या पोरांनाही विचारलं असणार.

मी परेरांची सून. आम्ही मुंबईचेच जुने किरिस्ताव. माहेर गिरगावातलं, घरात मराठीच, आणि पोटापाण्यासाठीही मराठीच, कारण मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मराठी शिकवायची. लग्न होऊन चाळीत आले त्याच आठवड्यात गिरजाबाई वाटीभर सुकटीची चटणी घेऊन दारात उभ्या राहिल्या. वाटी माझ्या हातात दिली, पण नजर माझ्याकडे नव्हतीच. दारावरच्या क्रुसाकडे बघत होत्या.

"ह्याला असा टांगून कशापायी ठेवलाय गो? खाली का नाय उतरवत?"

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांच्या कपाळावरची शीर उठलेली मला दिसली. मी घाईघाईने सांगितलं, की तो आमच्यासाठी मेला, त्याची आठवण म्हणून. गिरजाबाईंनी मान तिरकी केली. "तुमच्यासाठी मेला, हे कुणी सांगितलं?" मी शाळेत मुलांना दटावून गप्प करणारी बाई, पण त्या दिवशी गप्प मीच बसले. चटणी मात्र झकास होती.

गिरजाबाई रत्नागिरीकडच्या. नवरा लवकर गेला. त्या मिलमध्ये वाइंडिंग खात्यात होत्या, म्हणजे दिवसभर उभं राहून सूत एका बाबिनीवरून दुसरीवर घ्यायचं. एकुलता एक मुलगा मोहन, रात्रशाळेत शिकायचा. अंगाने बाई किडमिडीत, पण आवाज असा, की मिलमधल्या साच्यांच्या खडखडाटावरही मात करेल. घरी आल्या तरी तो आवाज खाली यायला तासभर लागायचा. तोवर त्या साधं 'चहा घेतेस काय' म्हणाल्या तरी गॅलरीच्या त्या टोकाचं माणूस 'नको' म्हणायचं.

त्या वर्षी दसऱ्याला त्या नागपूरला जाऊन आल्या. गेल्या तेव्हा खोलीत खंडोबा होता, देवी होती, कुठल्याशा बाबाचा फोटो होता. आल्या त्या पांढऱ्या लुगड्यात, आणि दुसऱ्या दिवशी फळी धुऊनपुसून लख्ख. तिथे फक्त बुद्धाची तसबीर. मला फार नवल वाटलं. इतक्या वर्षांचे देव असे एका सकाळी खाली उतरवता येतात? मी विचारलं, "गिरजाबाई, हात थरथरला नाही?"

"थरथरला की," त्या म्हणाल्या. "पण हाताला काय कळतं? हात जुना, मन नवं."

मग चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत संध्याकाळची वंदना सुरू झाली. नवीनच होतं सगळं, शब्द पाली, जिभेवर बसायचे नाहीत. बुद्धाला शरण, धम्माला शरण, संघाला शरण. हे सगळं तीन-तीनदा. आणि शेवटी सगळे मिळून म्हणायचे, "साधु, साधु, साधु." पहिल्याच दिवशी ते ऐकून सासूबाईंनी लगबगीने दाराची कडी लावली. मला म्हणाल्या, "कुणी साधू आलाय वाटतं चाळीत. आता दारोदार पीठ मागत फिरेल." दुसऱ्या दिवशी मी ही गंमत गिरजाबाईंना सांगितली, तर त्या गॅलरीत बसून डोळ्यांतून पाणी येईस्तो हसल्या. मग म्हणाल्या, "साधु म्हंजे बरं झालं. चांगलं केलंस. तसं बोलतात आमच्यात." मी मराठी शिकवणारी, 'साधुसंत' शिकवणारी, मलाही हा अर्थ तेव्हाच कळला.

आमची खरी दोस्ती जमली ती रविवारच्या दुपारी. मी सकाळी चर्चमध्ये मिस्सा करून आलेली, त्या आठवड्याचे कपडे धुऊन बसलेल्या. गॅलरीत समोरासमोर पाट टाकून आम्ही तांदूळ निवडायचो आणि त्या माझी उलटतपासणी घ्यायच्या. आज फादर काय बोलले? त्यांना कुणी बोलायला सांगितलं? मी सांगितलं, फादरच्या वर बिशप, बिशपच्या वर पोप. पोप रोममध्ये असतो आणि धर्माच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा.

त्यांना हे एकदम पटलं. "म्हंजे मिलसारखंच. जॉबर, त्याच्या वर मास्तर, त्याच्या वर मॅनेजर. आणि मालक?"

"मालक देव."

"मालक कधी खात्यात येतो?"

"आमचा आला होता," मी म्हटलं. "सुताराच्या घरी जन्माला आला. स्वतः काम केलं. मग त्यालाच मारलं."

गिरजाबाईंचा तांदळातला हात थांबला. मग दारावरच्या क्रुसाकडे बघून म्हणाल्या, "मालक कामावर आला आणि मेला. असा मालक मी नाय बघितला." त्या दिवसानंतर 'खाली का नाय उतरवत' हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

पण मीही काही कमी नव्हते. एकदा मी विचारलं, "तुमच्यात कुणाचं ऐकायचं?"

"कुणाचंच नाय. बुद्ध बोलला, गुरू सांगतो म्हणून मानू नको, पोथीत हाय म्हणून मानू नको, मी बोलतो म्हणून सुद्धा मानू नको. तपासून घे."

"मग साहेबांनी सांगितलं म्हणून तुम्ही सगळे नागपूरला गेलात, त्याचं काय?"

मला वाटलं, आता बाई चिडणार. साहेब जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. चाळीतल्या कितीतरी घरांत त्या दिवसांत नीट चूल पेटली नव्हती, आणि गिरजाबाईंनी तर साहेबांचं नुसतं नाव निघालं तरी पदर डोळ्याला लावावा. पण त्या चिडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "होय. साहेब बोलले म्हणून गेले. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर नसते गेले. बापानं बोट धरून शाळेत घातलं म्हणून काय अभ्यास बाप करतो? आता तपासते ना रोज. म्हणून तर तुझं डोकं खाते."

आणि एकदा मी विचारलं, "चुकलं तर माफी कोण देतं तुमच्यात?" आमच्यात फादरपुढे गुडघे टेकून पाप सांगायचं, फादर देवाच्या नावाने माफ करतात, हे मी त्यांना आधीच समजावलं होतं. त्यांना ती गोष्ट ऐकून मजा वाटली होती. "आपलीच चुगली आपण करायची" असं म्हणाल्या होत्या. पण ह्या प्रश्नावर त्या गंभीर झाल्या. "माफी द्यायला आमच्यात कोण नाय. केलं ते आपलं. ते आपल्याबरोबर येतं."

"जड नाही होत?"

"होतं," त्या म्हणाल्या आणि सूप झटकून उठल्या.

मग मला दिवस गेले. गिरजाबाईंचे प्रश्न आता माझ्या पोटाभोवती फिरायला लागले. पोर जन्मल्याबरोबर किरिस्ताव असतं काय? मी म्हटलं, नाही, बाप्तिस्मा व्हावा लागतो. तोवर? तोवर माणूस जे आदिपाप घेऊन जन्मतो, ते त्याच्यावर असतं. आणि बाप्तिस्म्याआधीच मेलं तर? मी सांगितलं, जसं मला लहानपणी शिकवलं होतं तसं: अशा बाळाला शिक्षा नाही, पण स्वर्गही नाही. ते मधेच कुठेतरी राहतं. आणि आशीर्वाद दिलेल्या जमिनीत त्याला पुरत नाहीत, भिंतीच्या कडेला वेगळं पुरतात.

"तान्ह्या पोरानं काय केलं गो?" गिरजाबाईंचा आवाज चढला. "हे कुणी सांगितलं?"

मला राग आला. धर्माचा नव्हे, त्यांचा. पोटुशी बाई मी, मला हे बोलायला लावायचंच कशाला? मी जरा तोडूनच म्हटलं, "म्हणूनच सोय ठेवली आहे. पोर मरायला टेकलं आणि फादर नसले तर कुणीही बाप्तिस्मा करू शकतं. नर्स, शेजारीण, कुणीही. किरिस्ताव नसली तरी चालते."

"मी चालते?"

"तुम्हीसुद्धा."

त्या इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरून कुणीतरी वर बघितलं. "म्हंजे तुमचा पोप एवढा मोठा, आणि वेळ आली की गिरजा चालते?" मग त्यांनी मला ते शब्द म्हणायला लावले. त्या दिवसांत त्यांना नवे शब्द पाठ करायची गोडीच लागली होती; पाली काय, आमचे काय. डोक्यावर पाणी ओतायचं आणि म्हणायचं, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करते." दोनदा म्हणून बघितलं आणि म्हणाल्या, "तुमचे पण तीनच. पिता, पुत्र, आत्मा. आमचे पण तीन. कुणी कुणाचं बघून केलं असंल?" माझा राग पळाला.

संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज काही ना काही चाललेलं असायचं. एके दिवशी कडकडीत हरताळ होता. ट्राम नाही, बस नाही, दुकानं बंद. मिलही बंद, म्हणून गिरजाबाई मोर्चाला निघाल्या होत्या. फ्रान्सिस, माझा नवरा, गोदीत कारकून. तो पहाटेच चालत गेला होता. सासूबाई आदल्या दिवशी वांद्र्याला नणंदेकडे गेलेल्या, त्या तिकडेच अडकल्या. माझे दिवस भरले नव्हते. दुपारी गॅलरीत उभी असताना पोटात अशी कळ आली, की मी कठडा धरून खाली बसले. गिरजाबाई जिन्यापर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी हातातला झेंडा तिथेच भिंतीला टेकवला आणि माघारी आल्या.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. मोहनला त्यांनी नर्सला आणायला पिटाळलं. माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, मग नव्हतं. रक्त फार जात होतं. मुलगी झाली हे त्यांनी सांगितलेलं आठवतं. रडणं ऐकल्याचं आठवत नाही. नुसतं कण्हल्यासारखं काहीतरी. मग पितळी तांब्याचा आवाज. मग काही नाही.

डोळे उघडले तेव्हा नर्स माझी नाडी धरून बसली होती आणि गिरजाबाई भिंतीला टेकून, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन. त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं. तरी मी पहिलं विचारलं ते एवढंच, "बाप्तिस्मा?"

"केला," त्या म्हणाल्या.

फ्रान्सिस संध्याकाळी पोचला, सासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळी. सासूबाई तशाच पायी चर्चमध्ये गेल्या. फादर म्हणाले, बाप्तिस्मा खरा झाला असेल तर मुलीला आपल्या जमिनीत पुरता येईल, पण आधी ज्या बाईने तो केला तिला आपण स्वतः विचारू. मला उठता येत नव्हतं, म्हणून फादर दुपारी आमच्याच खोलीत येणार होते.

ते येण्याआधी सासूबाईंनी गिरजाबाईंना बाजूला घेतलं. खोली केवढीशी, सगळं ऐकू येत होतं. "काय काय केलंत, नीट सांगा मला." गिरजाबाईंनी सांगितलं. सासूबाईंचा चेहरा उतरला. हात जोडून म्हणाल्या, "बाई, बाप्तिस्मा एकदाच करायचा असतो, ते तीनदा म्हटल्याचं सांगू नका. आणि ते साधु-साधु तर अजिबात नको. लेकराला भिंतीकडे टाकतील हो."

"मी पाच शीलं घेतलीत," गिरजाबाई म्हणाल्या. "खोटं नाय बोलणार."

"खोटं नको. नुसतं गप्प राहा."

"आणि विचारलं तर?"

सासूबाईंनी जपमाळ हातात घेतली. मी बाजेवर पडल्या पडल्या देवाला विनवत होते, की फादरनी नेमकं ते विचारू नये. कोपऱ्यात फ्रान्सिसने आणलेली पांढरी पेटी होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

फादर म्हातारे होते, मूळचे वसईचे, त्यामुळे बोलणं सरळ मराठीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला, पेटीपुढे थोडा वेळ उभे राहिले आणि खुर्चीवर बसले. गिरजाबाई समोर जमिनीवर बसल्या.

"पाणी कसलं घेतलंत?"

"नळाचं. तांब्यातलं."

"डोक्यावर ओतलंत? पाणी वाहिलं?"

"वाहिलं. मानेखालचं फडकं भिजलं."

"काय म्हणालात?"

गिरजाबाईंनी शब्द म्हणून दाखवले. एकही चुकला नाही. "फक्त नाव ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हणून 'बाय' बोलले. बाय, मी तुझा बाप्तिस्मा करते, असं."

"नाव नसलं तरी चालतं. एकदाच म्हणालात ना?"

सासूबाईंच्या बोटांतली माळ थांबली.

"नाय," गिरजाबाई म्हणाल्या. "तीनदा. आमच्यात शरण जातात ते तीनदा बोलतात, तसंच तोंडात आलं. आणि शेवटी साधु, साधु, साधु बोलले."

"साधु म्हणजे?"

"बरं झालं. चांगलं झालं." मग त्यांनी एक श्वास घेतला. "आणि फादर, आत्ताच सांगते, मागनं बोलायला नको. मी देव मानत नाय. तुमचा नाय, कुणाचाच नाय."

संपलं, मला वाटलं. त्या क्षणी मला त्या बाईचा खरंच तिरस्कार आला. एवढं खरं बोलायची काय गरज होती? माझ्या मुलीपेक्षा हिची शीलं मोठी?

फादर शांतपणे म्हणाले, "मानता की नाही, हे मी विचारलंच नाही बाई. पाणी ओतताना तुमच्या मनात काय होतं, ते सांगा."

गिरजाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मनात ही होती," त्या म्हणाल्या. "हिच्या चर्चात पोरांचं जे करतात, ते ह्या पोरीचं व्हावं. ही उठल्यावर पहिलं तेच विचारणार, हे मला ठाऊक होतं. दुसरं काय नव्हतं मनात."

फादरनी चश्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चर्च जे करतं ते करायचं, एवढंच मनात असावं लागतं," ते म्हणाले. "बाप्तिस्मा झाला. पहिल्या वेळीच झाला. उरलेले दोन तुमच्याकडचे असू द्या."

सासूबाई रडायला लागल्या, मीही. आणि तेवढ्यात गिरजाबाईंची मान तिरकी झाली. "फादर, देव न मानणारीनं केला तरी चालतो, हे कुणी सांगितलं?"

फ्रान्सिसने डोळे मिटून घेतले. पण फादर चक्क हसले. "फार जुना वाद आहे तो. पूर्वीच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या भांडून भांडून ठरवलंय."

"भांडून ठरवलं?" गिरजाबाईंना बरं वाटलेलं दिसलं. "मग पक्कं असणार."

मुलीला शिवडीला पुरलं. पेटी फ्रान्सिसने उचलली होती, आणि त्याच्या मागे सासूबाई गिरजाबाईंचा हात धरून चालत होत्या, असं मला मागून कळलं. ज्या बाईने साधूच्या भीतीने दाराला कडी लावली होती, तिने. क्रुसावर आम्ही अ‍ॅग्नेस लिहिलं, पण घरात तिचा विषय निघाला की आजही आम्ही 'बाय' म्हणतो.

गिरजाबाईंच्या लोकांत मात्र कुजबुज झाली. दीक्षा घेतली, प्रतिज्ञा केल्या, आणि हिने किरिस्तावांचा बाप्तिस्मा केला? एका वडीलधाऱ्याने त्यांना सगळ्यांदेखत विचारलं. त्या म्हणाल्या, "मी देवाला मानलं नाय. बायला मानलं." तरी त्यांच्या मनाला चैन पडेना. पुढे एक भन्ते, म्हणजे बौद्ध भिक्खू, चाळीत आले, तेव्हा त्यांनाच जाऊन विचारलं. परत आल्या त्या वैतागून.

"तुझा फादर बरा गो. विचारलं की सांगतो तरी, झालं का नाय झालं. आमचे भन्ते मलाच विचारतात, तुला काय वाटतं?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. तांदळाचं सूप बाजूला ठेवून खाली बघत बसल्या. मग जे बोलल्या ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात नव्हतं. "तुला फादरनं सांगितलं, पोर देवाकडं गेली. तुला झोप लागली. मला कोण सांगणार? मी तांब्या घ्यायला उठले, तेवढा वेळ तिला छातीशी धरून चोळलं असतं तर? नर्सला आणायला मीच धावले असते तर? रोज विचारते मी मलाच."

इतके महिने ही बाई हे ओझं घेऊन मिलमध्ये उभी राहत होती आणि मला पत्ता नव्हता. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "तुमची चूक नव्हती, गिरजाबाई."

सवयच ती. मान तिरकी झाली. "हे कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं. तिच्या आईनं."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. हेही तपासूनच घेत होत्या. मग पदराने नाक पुसलं, सूप पुढे ओढलं आणि खडे वेचायला लागल्या. तो विषय पुन्हा त्यांनी काढला नाही.

महाराष्ट्र झाला, मुंबईसकट, तेव्हा चाळीभर साखर वाटत फिरल्या त्या. प्रत्येक दारात थांबून विचारायच्या, "मुंबई मिळणार नाय, हे कुणी सांगितलं होतं?" आमच्या दारात मी म्हटलं, "आम्ही किरिस्ताव, आम्हाला कशाला साखर?" तर चिमूट माझ्या तोंडात कोंबून म्हणाल्या, "मराठी शिकवतेस, मराठीत भांडतेस. तू परकी, हे कुणी सांगितलं?"

पुढे मला दोन मुलगे झाले. आम्ही दादरला राहायला गेलो, पण रविवारची दुपार शक्यतो घोडपदेवलाच. मोहन पोस्टात लागला. गिरजाबाई मिलमधून निवृत्त झाल्या तरी आवाज काही निवृत्त झाला नाही. शेवटी शेवटी ऐकू कमी यायचं, तेव्हा तर प्रश्न चाळभर ऐकू जायचा. गेल्या त्या दुपारच्या झोपेतच, कुणाला काही न विचारता.

मी पोचले तेव्हा खोली माणसांनी भरली होती. त्यांना पांढरं लुगडं नेसवलं होतं. विहारातला एक तरुण पुढे उभा राहून वंदना म्हणत होता, सगळे त्याच्यामागे म्हणत होते. मीही म्हणत होते. इतक्या वर्षांत ऐकून ऐकून पाठ झालं होतं. बुद्धाला शरण, धम्माला, संघाला. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मला तो पितळी तांब्याचा आवाज ऐकू येत होता. शेवटी सगळे म्हणाले, "साधु, साधु, साधु." मीही म्हणाले. आणि त्याच्या पाठोपाठ, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा माझ्या आवाजात, तोंडातून निघून गेलं, "आमेन."

माणसं वळून बघायला लागली. तो तरुण जवळ आला. चांगला मुलगा होता, आदराने, हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, आपल्यात आमेन म्हणत नाहीत."

माझी मान आपोआप तिरकी झाली.

"हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

आईच्या पायाशी बसलेल्या मोहनने रडता रडता वर बघितलं, आणि म्हणाला, "साधु."